तुम्ही करा, मी बघतो

आबा चाकाला आधी बोटाच्या पेरानं टकटक करायचे, मग कान लावायचे, आणि मग मालकाच्याच हातात हातोडी देऊन म्हणायचे, "तुम्ही करा, मी बघतो."

ठाण्याहून आग्रा रस्त्यानं निघालं की माजिवड्याचा चढ संपतो तिथं चिंचेखाली त्यांचं छप्पर होतं. गाड्यांची चाकं करणं आणि मोडलेली नीट करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. माणसं गाडी दुरुस्त करून घ्यायला तिथं यायची, स्वतःच ती दुरुस्त करायची, घामाघूम व्हायची आणि वर आबांचे आभार मानून परत जायची. मी शाळामास्तर. जन्मभर मुलांना "तुम्ही करा" म्हणत आलो, पण माझे आभार कुणी मानल्याचं आठवत नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या हुशारीमुळं. घरी वडिलांच्या वेळची एक दमणी होती, दोन बैलांची हलकी गाडी. चैत्रात लाकूड सुकलं आणि चाकावरची लोखंडी धाव ढिली झाली. एवढ्यासाठी सुताराकडं काय जायचं, म्हणून मी धाव आणि लाकूड यांच्यामध्ये बांबूची पाचर ठोकून दिली. कोलशेतपर्यंत जाईतो चाक असं काही ओरडायला लागलं की शेतातली माणसं उभी राहून बघू लागली.

गाडी छपराशी आणली तशी आबांनी चाकावरून सावकाश तळवा फिरवला. पाचरीपाशी हात थांबला.

"ही कुणी मारली?"

"मी."

"शाळेत काय शिकवता, मास्तर?"

"गणित."

"मग ठीक आहे. सुतारकी शिकवत असता तर पोरांची काळजी वाटली असती."

त्यांनी माझ्याकडूनच पाचर काढून घेतली, चाक उतरवून घेतलं आणि ते गावच्या तळ्यात दोन दिवस भिजत घालायला लावलं. लाकूड फुगलं, धाव आपोआप घट्ट बसली. आबांनी कामांची वाटणीच करून टाकली होती. वंगण घालणं, चाकाची खीळ बदलणं, चाक भिजवणं हे घरचं काम. चाकाचे आरे, त्यांच्या मधला तुंबा आणि वरची धाव हे छपराखालचं काम. पण छपराखालच्या कामालाही हातोडी मालकाच्याच हातात. एकदा मी वैतागून विचारलं, "सगळं मीच करायचं तर तुमच्याकडं यायचं कशाला?"

"मास्तर, गाडी माझ्या दारात मोडत नाही. ती मोडते उताराला, नाहीतर खाडीच्या चिखलात. तिथं मी नसतो. तुम्ही असता."

 मी आरा तासायला घेतला.

त्याच सुमारास ठाण्याच्या स्टेशनाजवळ एका मिस्त्रीनं कारखाना थाटला. तिथं मालकाला खुर्ची मिळायची, पान मिळायचं आणि गाडी तयार होऊन समोर यायची. तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी कोण जाणार नाही? गावात दोन तट पडले. मिठागरांवरचे गाडीवान आणि माझ्यासारखे दोनचार हट्टी लोक तेवढे आबांकडं राहिले. आणखी थोडी गिऱ्हाइकं तुटली असती तर छप्पर बंदच पडलं असतं, आणि चाकाखेरीज आबांना दुसरं काही येत नव्हतं.

एका सकाळी वाटेत माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. मी अनवाणीच छपराशी पोचलो आणि आबांच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं पाहत विचारलं, "कोण आहे?"

"मी, मास्तर."

"असं होय. उन्हानं दिसलं नाही."

ऊन त्यांच्या पाठीमागं होतं.

मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. ते टकटक करणं, तळवा फिरवणं, वहाणांच्या आवाजावरून माणूस ओळखणं. "चिरेची रेघ कुठवर आली, सांगा बरं," असं ते परीक्षा घेतल्यासारखं विचारायचे आणि आम्ही पोरांसारखी चटकन उत्तरं द्यायचो. मी शाळेत मला ठाऊक असलेलं विचारायचो. आबा त्यांना न दिसणारं विचारायचे, आणि रुबाब मात्र त्यांचाच जास्त होता. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, त्यांचं फार कौतुकही वाटलं. हे बाहेर फुटलं असतं तर आंधळ्याकडं चाक कोण आणणार? मी घरी बायकोलासुद्धा बोललो नाही.

आणि एका रविवारी मामलेदारांचा टांगा छपरापुढं येऊन थांबला. धाव निसटून हातभर लोंबत होती. दुसऱ्या दिवशी साहेबांना मुरबाडकडं दौऱ्यावर जायचं होतं आणि स्टेशनाजवळचा मिस्त्री नेमका लग्नाला गेलेला. मी माझ्या चाकाला वंगण घालत बसलो होतो. पाचसहा गाडीवानही होते.

आबांनी टकटक केली, कान लावला आणि हातोडी पुढं केली. "साहेब, तुम्ही करा. मी बघतो."

गाडीवान उठून जवळ आले. 

"मी करू?" मामलेदार म्हणाले. "मग तुला कशाला ठेवलंय इथं?"

त्यांचा शिपाई लगबगीनं पुढं झाला. "साहेब, मी करतो ना."

"उद्या टांग्यात तू बसणार आहेस का?" आबांनी शांतपणे विचारलं. मग साहेबांकडं वळून म्हणाले, "कचेरीत आपला हुकूम, साहेब. रस्त्यावर चाकाचा. मुरबाडच्या वाटेवर धाव निसटली तर हा आबा तिथं कुठून आणाल?"

 मामलेदारांनी कोट काढून शिपायाकडं दिला. पगडी तेवढी डोक्यावर ठेवली.

गोवऱ्या रचल्या, धाव तापत पडली. आबा पाठीवर हात बांधून उभे. "साहेब, रंग कोणता आला?"

"तांबडा."

"कसला तांबडा? गेरूसारखा की गुंजेसारखा?"

मामलेदार वाकून निरखू लागले. "गेरूसारखा."

"मग थांबा." थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"आता गुंजेसारखा झाला," मामलेदार घाईघाईनं म्हणाले. "नक्की गुंजेसारखा."

"उचला."

चौघांनी सांडशांनी धाव उचलून आणली. तेवढ्यात आबा एक पाऊल पुढं आले, नेमके धावेच्या वाटेत. मी धावत जाऊन त्यांचं कोपर धरलं आणि मागं ओढलं.

"मास्तर, कामात मधे येऊ नका," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. पण धाव चाकावर बसेपर्यंत त्यांनी कोपर सोडवून घेतलं नाही.

मामलेदारांनी हातोडी चालवली, घागरीनं पाणी ओतलं, चर्रकन वाफ उठली आणि ते त्या वाफेत दिसेनासे झाले. बाहेर आले ते पगडी वाकडी, मिशा भिजलेल्या आणि चेहरा हसरा. आबांनी टकटक केली. "छान बसली. हात चांगला आहे साहेबांचा." ही शाबासकी मामलेदारांनी पुढं बदली होईपर्यंत साऱ्या कचेरीला ऐकवली. साहेबांनी केलं म्हटल्यावर कारकून मागं कसे राहणार? स्टेशनाजवळची खुर्ची सोडून तेही चढ चढून येऊ लागले आणि सदऱ्याच्या बाह्या सारून चाकं उतरवू लागले. छप्पर तगलं.

आबा थकल्यावर त्यांच्या लेकीनं त्यांना कल्याणला बोलावून घेतलं. स्टेशनावर सोडायला माझी दमणी हवी म्हणाले. आदल्या दिवशी मी दोन्ही चाकं उतरवून वंगण घातलं, एक आरा नवा बसवला, खिळी बदलल्या. सकाळी छपराशी गाडी उभी केली आणि टकटक करायला त्यांना जागा दिली. आबा चाकाला हात न लावता सरळ गाडीत चढायला लागले.

"आबा, चाक?"

"कुणी केलं?"

"मी."

"मग मी नाही बघत." आणि आत बसता बसता हळूच म्हणाले, "तसाही कुठं बघत होतो, मास्तर."

  मी बैल हाकले. माजिवड्याचा उतार लागला, तशी दमणी नेहमीसारखी हिंदकळायला लागली. मी कासरा आवरून मागं वळून पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चाकांना कान लावून बसलेला तो माणूस गाठोडं मांडीवर घेऊन गाढ झोपला होता.