ब्रॉन्विनचा शनिवार

केप टाउनबाहेरच्या आमच्या गल्लीत ब्रॉन्विन आरेन्डसइतकी शिकलेली बाई नाही, आणि तिच्याइतकी तिरसटही नाही. ती ज्या दुर्मिळ अणूंच्या मागे असते, ते पापणी लवायच्या आत मरतात. मी तिला म्हणायचे, "बाई, म्हणूनच तुझं त्यांच्याशी जमतं. भांडायला वेळच मिळत नाही."

ते अणू बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, द्राक्षमळ्यांपलीकडे कुंपणाआड आहे. आठवडाभर त्यातून इस्पितळांची किरणोत्सर्गी औषधं निघतात. ब्रॉन्विनसारख्यांच्या वाट्याला उरतो शनिवार-रविवार, तोही वर्षातून एखादा. यंदाचा तिला मिळाला आणि त्याच आठवड्यात तिचे वडील गेले.

आता आमच्याकडे माती शनिवारीच देतात. कामकरी माणसाला दुसरा वार कुठला? यंत्राचे वार वाटणाऱ्याचा बाप अमर असावा.

"डॅडींना मंगळवारी पुरू," ब्रॉन्विन त्यांच्या भर स्वयंपाकघरात म्हणाली. मी समोसे भरत होते. कान मात्र तिकडेच.

तिचा भाऊ डेन्व्हर मासळीच्या कारखान्यात आहे. त्याने कप आदळला. "मंगळवारची सुट्टी तुझा अणू देणार का मला? जन्मभर डॅडींनी तुझ्या त्या यंत्राच्याच फाटकातून औषधांच्या पेट्या विमानतळावर पोचवल्या. त्या फाटकाला त्यांच्यासाठी एक शनिवार काढता येत नाही?"

"मग फाटकाला विचार. माझ्यावर काय ओरडतोस?"

"तू आतली झालीस म्हणून."

शेवटी माती शनिवारीच ठरली, आणि ती कबरस्तानात आली. छातीवर किरणोत्सर्ग मोजायचा बिल्ला तसाच. डेन्व्हरच्या हातातलं फावडं हिसकावून तिने माती लोटली, जणू कुणाच्या तोंडावर मारतेय. चर्चचा बँड थांबायच्या आत गाडीत बसून पसार. मातीनंतरच्या चहालाही थांबली नाही. बायकांना विषय मिळाला. थोडा मीही पुरवला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मात्र राहवेना. समोसे घेऊन फाटकावर गेले. ती बाहेर येऊन उभ्याउभ्याच खाऊ लागली.

"सापडला का गं तुझा अणू?"

"दुपारपासून यंत्र बंद आहे, आंटी. मी कबरीवरून येऊन खुर्चीत बसले आणि पडलं बंद."

"मग घरी यायचंस की."

"कशाला? डेन्व्हरला हसायला?"

"तो रडतोय, वेडे."

ती चावायची थांबली. तेवढ्यात आतून हाक आली, यंत्र चालू झालं. तिने समोशांचा कागद माझ्या हातात कोंबला.

"त्याला सांग, यंत्राचा पुढचा शनिवार मला आता पुढच्या वर्षीच मिळेल. तोवर सगळे शनिवार त्याच्याशी भांडायला मोकळी आहे."