कोळशाने न निघणारा धातू

त्र्यंबकेश्वरला न्यायचा तांब्याचा गडू मी चिंचेने घासत होते. काळपट थराखालून लाल तांबं उजळलं आणि मी मनाने थेट माझ्या मनमाडच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत पोचले.

विज्ञानाच्या बाईंनी काळ्या कॉपर ऑक्साइडमध्ये कोळशाची पूड मिसळून परीक्षानळी तापवली होती. थोड्याच वेळात तळाशी तांबूस कण चमकले. मग मी हौसेने अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड मागून घेतलं आणि तेही कोळशात मिसळून तापवत बसले. सहामाहीत विज्ञानात नापास झाले होते, निदान हे तरी जमावं! पण पूड होती तशीच राहिली.

"बाई, मला काहीच जमत नाही," मी रडकुंडीला आले.

बाई हसल्या. "अगं, तांबं ऑक्सिजनला चटकन सोडतं. अ‍ॅल्युमिनियम फार क्रियाशील, ते घट्ट धरून ठेवतं. कोळसा पुरत नाही, वितळवून वीज सोडावी लागते. पण धातू आत आहेच की!"

तेव्हा मला वाटलं होतं, बाई फक्त धातूबद्दल बोलताहेत.

आता आतल्या खोलीत माझी लेक मिनू डोळे पुसत अपूर्णांकांचे नियम पुन्हा पुन्हा घोकत होती. मी हात धुतले.

"मिनू, पुस्तक मिट. डब्यातली भाकरी घेऊन ये, तिचे तुकडे करून बघू."