मावशीची ठेवणीतली पट्टी

साखरेचा आजार मलाही आहे आणि गावाकडच्या माझ्या म्हाताऱ्या मावशीलाही. पुण्यात मी आंबा खाल्ला की बायकोशी पैज लावून साखर मोजतो. आमच्याकडे तपासणी ही करमणूकच झाली आहे.

परवा मावशीकडे जेवल्यावर सवयीने म्हणालो, "मशीन घरी विसरलो बघ." तिने लगेच आपलं मशीन काढून त्याला पट्टी लावून दिली. मी ऐटीत बोट टोचलं. आकडा छान आला.

"आता तुझी बघू."

"पट्ट्या संपल्या रे. महाग पडतात, आणि तालुक्याला जायचं तर दिवस मोडतो. ही एक ठेवली होती, चक्कर आली तर असावी म्हणून."

"अगं, मग मला कशाला दिलीस?"

"पाहुण्याला नाही कसं म्हणू?"

मी मान खाली घालून बोट दाबत बसलो. माझा आकडा चांगला आला म्हणून ती मात्र खूश होती.