सहाच्या जागी पाच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. आज सांगायला बसलो, तर पहिल्याच वाक्यावर अडलोय.

मी चाळीसगावचा. मालवाहू जहाजावर अधिकारी. त्या जहाजावर विजेचं काम बघायला नाना होते – शिंदखेड्याकडचे, वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. इतरांसमोर मला ‘साहेब’ म्हणायचे. दोघंच असलो की अहिराणी सुरू. त्यांच्यामुळे मला जहाजावर घरची आठवण कमी यायची. अशा माणसाशी मी – थांबा, आधी जहाजाचं सांगतो.

जहाजावर कंटेनर कुठे आहे ते आकड्यांनी सांगतात. पुढून मागे कितवा पट्टा, त्यात कितवी रांग, मग कितवा थर. रांगा मधोमधपासून मोजायच्या – डावीकडे दोन, चार, सहा. उजवीकडे एक, तीन, पाच. म्हणजे पाच आणि सहा शेजारी नसतात. एक या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये लोखंडाची भिंत. हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. मग त्या दुपारी काय झालं मला?

डाव्या बाजूच्या एका थंड कंटेनरच्या यंत्रातून धूर येत होता. सुलेमान नावाच्या खलाशानं तो पाहिला आणि वॉकीटॉकीवर कळवलं. मी ऑफिसात होतो. स्क्रीनवर जागा बघितली – रांग सहा. नाना प्लग काढायला निघाले होते, त्यांना आकडा हवा होता. मी सांगितला. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, ‘वीज काढली.’ मी सुलेमानला म्हणालो, झाकण उघड.

त्यानं उघडलं. त्या यंत्रात वीज तशीच होती.

सुलेमान कोकणातला, दोन मुलींचा बाप. शॉक बसून तो तिथेच गेला.

चौकशीत मला विचारलं, कोणता आकडा सांगितला होता? नाना शेजारीच बसले होते. मी म्हणालो, ‘सिक्स. त्यांनी फाइव्ह ऐकलं असेल.’ नाना माझ्याकडे बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, साहेब म्हणतात तर माझ्याच कानांची चूक असेल.

मी फाइव्ह म्हणालो होतो. तोंडातून निघताना मला ऐकूही आलं होतं – पण वाटलं, नाना तिथे बघतीलच. दुरुस्त केलं नाही. का?

नानांनी जहाज सोडलं. पुढे सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. कशाला गेलो? सांगून टाकायला, असं घरून निघताना मनाशी म्हटलं होतं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, दारातच हळू आवाजात सांगू लागली – हे आता प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात, मीठ मागितलं तरी. धुळ्याला कान तपासून आणले, डॉक्टरांनी कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं, तेव्हापासून जेवण तुटलंय. आणि कोकणात जाऊन आले, त्या खलाशाच्या बायकोच्या पायावर डोकं ठेवून. तिनं दार लावून घेतलं.

माझ्या चुकीसाठी. माझ्या.

चहा झाल्यावर नानांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘भाऊ, मना कान चांगला शेतस. मंग मीच खराब शे का? तू सिक्सच सांगेल व्हतं ना?’

त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता – असता तर बरं झालं असतं. ते फक्त मी काय म्हणतो याची वाट बघत होते. बोलायला एवढी मोकळी जागा मला पुन्हा कोण देणार होतं?

मी म्हणालो, ‘हो नाना. सिक्सच.’

त्यांनी मान डोलावली. माझी बॅग उचलून स्टँडपर्यंत सोडायला आले. एसटी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते.

मी अजूनही जहाजावर जातो. नाना अजून आहेत. आता घरातल्यांशीही फारसं बोलत नाहीत, असं कळतं. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.