काका म्हणणं सोडलं त्याची गोष्ट

हे लिहू का म्हणून, ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना आधी विचारलंय. ते म्हणाले, "लिहा, नाव तेवढं नको. अन् मशीनचं चुकीचं लिहू नका." मशीनचं मला जेवढं कळलं तेवढंच लिहिते.

मी समुपदेशक आहे. सिल्लोडची पोरगी, एम.ए. झाले अन् इथं शहरात उस्मानपुऱ्यात मेडिकलच्या वरच्या मजल्यावर एका क्लिनिकमधी बसायला लागले. पहिलंच वर्ष होतं. क्लिनिकची एक अट होती. दर शनिवारी एका ज्येष्ठ मॅडमच्या घरी जायचं अन् आठवडाभर कुणाशी काय बोललो, कुठं अडलो, ते त्यांच्यासमोर मांडायचं. याला सुपरव्हिजन म्हणतात. मला वाटलं, तपासणी. आमच्या झेडपीच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा गुरुजी हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवायचे. मी पण तेच करायचे. ज्यांचं छान चाललंय त्यांचंच सांगायचे, धडाधड, श्वास न घेता. मॅडम ऐकून घ्यायच्या अन् म्हणायच्या, "बरं. मागच्या बाकावर कोण बसलंय?"

मागच्या बाकावर काका होते.

काका म्हणजे पन्नाशी ओलांडलेला माणूस, राहायला बिडकीनला, कामाला चितेगावच्या एका कंपनीत, पत्रा दाबून कापायच्या प्रेस मशीनवर. झोप येत नाय, छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरनं आमच्याकडे पाठवलेले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. अन् माणूस इतका गोड की काय सांगू. आले की पहिला प्रश्न, "जेवलीस का, बेटा?" मी हो म्हणायचे. मग रूमवर पाणी येतं का, घरमालकीण नीट वागते का, घरी फोन करतेस का. मी म्हणायचे, "काका, तुमचं सांगा." ते म्हणायचे, "माझं काय, मजेत. जरा झोपंचंच तेवढं." अन् वेळ संपायची. लई छान सेशन झालं असं वाटून मी खुशीत खाली चहा प्यायला जायचे.

मग एका गुरुवारी उठता उठता ते म्हणाले, "बेटा, पुढच्या वेळी शेवटचा येतो. कंपनी सोडायचं चाललंय. मग कशाला उगा तुला त्रास."

झोपेसाठी आलेला माणूस नोकरी सोडतोय अन् मला का ते सुद्धा माहीत नाय. रिटायर व्हायला अजून काही वर्षं होती, धाकटी मुलगी शिकत होती, एवढं माहीत होतं. त्या शनिवारी मी मॅडमकडे गेले ती रडकुंडीलाच येऊन. सगळं ओतलं. जेवलीस का पासून सगळं.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे दर आठवड्याला ते तुझी विचारपूस करतात."

"हो."

"अन् तुला बरं वाटतं."

"हो, म्हणजे... हो."

"मग फी तू द्यायला पाहिजे त्यांना."

मला हसू पण आलं अन् लाज पण वाटली. मॅडमनी हसू दिलं. मग उठल्या, दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. म्हणाल्या, "तू तिकडं बस. तू आता ते. मी तू."

मी बसले. त्यांच्यासारखं, जरा पुढं वाकून, हात मांडीवर. मॅडमनी माझा आवाज काढला, अगदी माझ्या घाईसकट. "या काका, या या, कसे आहात काका, झोप कशीय, सांगा ना काका." मी एवढी घाई करते? करते म्हणे.

अन् मी तोंड उघडलं तर काय बाहेर पडलं? "मी मजेत, बेटा. तू जेवलीस का?"

ठरवून नाय बोलले. आपोआप आलं. समोर ती पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची, काका काका करत, एवढा जीव लावून बघतेय. हिला मी काय सांगू? हिला कसं सांगू की मला भीती वाटते? लेकीसमोर बाप घाबरतो का कधी? त्या खुर्चीत बसल्यावर मला दिसलं. मी काका या शब्दानं त्यांना मान देत होते, अन् त्याच शब्दानं त्यांचं तोंड बंद झालं होतं. मॅडमनी हे मला सांगितलं नाय. खुर्ची ओढली फक्त.

मी म्हणाले, "मग त्यांना काय म्हणू? नावानं हाक मारू? मार खाईन."

"मला काय माहीत. त्यांनाच विचार," मॅडम म्हणाल्या. "अन् विचारल्यावर गप बस. तुला जमणार नाय, तरी बस."

गुरुवारी ते आले, निरोपाची इमरती घेऊन. बसले. "जेवलीस का, बेटा?"

मी म्हणाले, "आज ते राहू द्या. मी तुमच्याबद्दल माझ्या मॅडमशी बोलले. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, मला शिकवणाऱ्या एक जण आहेत."

"हां, सांगितलं होतंस. मग?"

"मग माझ्या लक्षात आलं, मी तुम्हाला काका करून टाकलं. इथं मी तुमची लेक नाय. इथं तुम्हाला मला सांभाळायचं नाय. कंपनीत तुम्हाला काय म्हणतात?"

ते म्हणाले, "उस्ताद."

"मी तसं म्हणू?"

त्यांनी मान हलवली. मी म्हणाले, "उस्ताद, कंपनीत काय झालं?" अन् गप बसले. आयुष्यात एवढी गप मी कधी बसले नाय. खुर्चीची कड धरून बसले होते. खालून मेडिकलच्या शटरचा आवाज आला, पंखा फिरत होता. मला दहा वाक्यं सुचली, दहाच्या दहा गिळली.

मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. हात थरथरत होता.

"काहीच झालं नाय," ते म्हणाले. "तेच तर आहे. प्रेस खाली आला, अन् त्याच्या क्षणभरच आधी हात काढला होता मी. कुणी बघितलं नाय. खरचटलं पण नाय. पण तवापासून मशीन सुरू करायचं म्हटलं की हे असं होतं. दुसऱ्याला पुढं करतो, तू कर म्हणतो. सगळे उस्ताद उस्ताद करतात. काहीच झालं नाय अन् उस्ताद घाबरतो, हे कुणाला सांगू?"

"मला सांगितलंत की," मी म्हणाले.

त्या दिवशी राजीनामा राहिला. पुढं काय काय केलं ते सगळं लिहीत नाय, पण दर गुरुवारी थोडं थोडं केलं, अन् दर शनिवारी मॅडमकडे जाऊन मांडलं. आता मागचा बाक आधी. आधी बंद मशीनसमोर नुसतं उभं राहायचं. मग त्यांनी स्वतःहून शिफ्टच्या साहेबाला सांगितलं, त्यानं मशीनची सुरक्षा परत तपासून घेतली. मधी एक आठवडा सगळं उलटं फिरलं, तेव्हा मीच जास्त घाबरले, अन् मॅडमनी मला सावरलं म्हणून मी उस्तादांसमोर नीट बसू शकले. एकदा मी मॅडमना विचारलं, तुम्ही अडलात तर? त्या म्हणाल्या, मी पण जाते एकाकडे, या वयात. उस्तादांना हे सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाय. "मग? नवा माणूस असो नायतर जुना, प्रेसवर एकट्याला सोडत नसतात."

अन् मग तो गुरुवार. दारातूनच दिसलं. चालच वेगळी होती. बसायच्या आधी मला म्हणाले, "मॅडम, अख्खी शिफ्ट मारली. माझ्या हातानं." मला टेबलावर चढून नाचावं वाटलं. नाचले नाय, व्यवसायाची काही इज्जत असते. पण दोघं पण हसत होतो, येड्यासारखं.

शेवटच्या दिवशी निघताना ते दारात थांबले. "आता काम झालं ना आपलं?"

"झालं, उस्ताद."

"मग आता विचारू का?"

मला कळलं काय ते. "विचारा."

"जेवलीस का, बेटा?"

आधी दर वेळी मी हो म्हणत आले होते. त्या दिवशी खरं सांगितलं, "नाय हो, सकाळपासून काहीच नाय."

"मग बसलीस काय," ते म्हणाले, "जा की."