माझ्या पाठीवरची वावरं

"हा कॉन्टॅक्ट डर्मेटायटिस आहे," नारायणगावच्या डॉक्टर मॅडम माझे हात उलटसुलट करून बघत म्हणाल्या. म्हणजे अंगाला लागणाऱ्या एखाद्या वस्तूची अॅलर्जी. "काम काय करता तुम्ही?"

चित्रं काढते, म्हटलं. मिक्स मीडिया. म्हणजे नुसता रंग नाही. माती, कांद्याची टरफलं, वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंग पेपर, वाळलेलं गवत, जे वावरात सापडेल ते कॅनव्हासवर लावायचं. बाजरीच्या वावरात टोमॅटो आले, टोमॅटोच्या वावरात घरांचे प्लॉट पडले, ते सगळं मी त्या त्या जागेच्या वस्तूंनीच दाखवते.

"मग टेस्ट होईपर्यंत मातीला हात लावायचा नाही. कदाचित कायमचाच."

त्या वाक्यानंतरचं मला काही ऐकू आलं नाही.

सुरुवात पापण्यांपासून झाली होती. सकाळी डोळे सुजायचे. मग मान, मग बोटांच्या बेचक्यांत भेगा. उन्हात गेलं की आग आग. मी दोन महिने कोरफड, खोबरेल आणि मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबवर काढले. तुम्ही असं करू नका.

महाळुंगे पडवळला आमच्या घरात मी पहिली पदवीधर. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण हात बघून चुलती म्हणाली, "कालिजात जाऊन बाईचं कातडं नाजूक झालं. आता आईबापाची मातीबी सोसंना!" सगळे हसले. आई हसली नाही. माझ्या चित्रांतली काळी माती तिच्याच वावरातली.

औषधाने आधी सूज उतरवली. मग पॅच टेस्ट. संशय असलेल्या वस्तू थोड्या थोड्या चिकटपट्टीखाली पाठीवर दोन दिवस ठेवायच्या आणि कातडी कुठे लाल होते ते पाहायचं. दुखत नाही. मॅडमकडे त्यांचा ठरलेला संच होता, शिवाय माझं सामानही आणायला सांगितलं होतं. मी नावं लिहून अकरा पुड्या नेल्या. बाहेर बाकावर एक आजोबा सरकून बसले. "ताई, कसलं बी हाय? गॅरंटीचं हाय ना?"

दोन दिवस पाठीला पाणी नाही, घाम नाही. आईने पोलकं वर करून पाहिलं. चौकोनांच्या रांगा, प्रत्येकावर आकडा. "अगं बये, मोजणीवालं येऊन गेल्यावानी दिसतंय! आपलं वावर कोंचं यातलं?"

"सातवं."

त्या दिवसापासून ती रोज सातव्याची चौकशी करायची. पट्ट्या काढायच्या दिवशी माझ्यासोबत दवाखान्यात आली.

पट्ट्या निघाल्या. मॅडम म्हणाल्या, आज नुसता अंदाज, नक्की दोन दिवसांनी. ते दोन दिवस सगळ्यात लांब गेले.

दुसऱ्या खेपेलाही आई सोबत होती. पाठ पाहून झाल्यावर मॅडमनी माझ्याच मोबाईलवर पाठीचा फोटो काढून दाखवला. एकच चौकोन लालभडक, बारीक फोडांनी भरलेला. त्यांच्या संचातलं गाजरगवत. मी चित्रांत लावत होते, ते वाळलेलं गवत तेच! नेमकी त्याचीच पुडी न्यायची मला सुचली नव्हती. रिकाम्या प्लॉटवर पहिलं तेच उगवतं, म्हणून हौसेने उपटून आणलेलं, भिंतीला टांगून वाळवलेलं. त्याचा भुगा रोज नाकाडोळ्यांत जात होता.

आईने चष्मा सरळ केला. "अन् सातवं?"

"सातवं स्वच्छ आहे, आजी," मॅडम म्हणाल्या. " माती सगळीच स्वच्छ. चाळून खुशाल वापरू दे. गवत मात्र घरातही नको."

आईने तिथूनच चुलतीला फोन लावला. अख्ख्या दवाखान्याला ऐकू गेलं. "आगं, माझ्या मातीत कायबी खोट न्हाई! डाक्टरीनबाईनं पाठीवर पेरून बघितलं!" आजूबाजूचे सगळे हसले. मॅडमही.

गवत लावलेली नऊ चित्रं गेली. हळहळ वाटली. आता गाजरगवताची ती पांढरी फुलं मी रंगाने काढते, आणि खरं सांगू का, जास्त बरी जमतात.

कुणाला असं काही उठलं, तर आपणच निदान करून आवडतं काम सोडू नका. टेस्ट करा. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या पुड्या त्यांनी एकदाही हसण्यावारी नेल्या नाहीत.

भेगा पूर्ण भरल्यावर मी आईने चाळून दिलेली माती पाटीत भिजवली आणि कोपरापर्यंत हात घातले. कितीतरी वेळ नुसती कालवत बसले. चित्राला एवढी माती लागणारच नव्हती.