सहा महिने शिल्लक

खिळेमामांचं काम जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना नवं कापड चढवून देण्याचं. काम करताना ओठांत मूठभर बारीक खिळे धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा, ही त्यांची सवय. म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं. त्या बारीक खिळ्यांना सुतारलोक चुका म्हणतात. मामी म्हणत, "यांच्या तोंडात सदा चुका. कबूल मात्र एकही करायचे नाहीत!" मामा नुसते 'हूं' करत आणि पुढचा खिळा ठोकत.

सोफा फाडला की आतून कंगवे निघत, चाव्या निघत, एकदा तर कवळी निघाली. सगळं पिशवीत घालून गिऱ्हाइकाकडे परत जाई. माल सांगितलेल्या दिवशी घरपोच. 'उद्या या' हे शब्द त्या दुकानात कुणी ऐकले नव्हते.

धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता. मामांनी त्याला हाताशी धरून शिवण शिकवलं आणि तीच कला घेऊन तो परदेशात बसच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तिथे जम बसल्यावर दादाच्या मागे लागून त्याने त्यांना पासपोर्ट काढायला लावला. "एकदा येऊन तर बघ, दादा. मग परत जायचं नाव काढणार नाहीस."

पासपोर्ट आला आणि त्याच वर्षी, धाकटा सुटीवर आलेला असताना, दोघांचं वाजलं. दुकान विकून सगळ्यांनी तिकडे यावं, असा त्याचा हट्ट होता. मामा ऐकेनात. तेव्हा तो हसत बोलून गेला, "काय ठेवलंय रे इथे? तुझं अख्खं आयुष्य लोकांच्या बुडाखाली गेलं."

मामांच्या ते जिव्हारी लागलं. "आणि तू काय डोक्यावरच्या टोप्या शिवतोस? नीघ माझ्या दुकानातून!"

धाकटा निघाला तो निघालाच. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बायका-बायकांचे फोन चालू होते, तेवढाच धागा. पासपोर्ट लोखंडी कपाटात साड्यांखाली पडून राहिला. त्यावर एकही शिक्का उमटला नव्हता.

मग एका सकाळी भावजयीचा फोन आला. धाकट्याचं यकृत गेलं होतं. डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. मागून बारीक आवाज आला, "दे इकडे फोन." आणि मग, "दादा, येतोस का? आतल्या स्प्रिंगा गेल्यात माझ्या. वरून कापड बदलून भागायचं नाही."

मामा एवढंच म्हणाले, "येतो. मी येईपर्यंत थांब."

मामांची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनेच फोनवर तिकीट काढलं. कपाटातून पासपोर्ट काढून तारीख बघितली. दिवसभर औषधांच्या पट्ट्यांवरची मुदत बघण्यात तिची नजर तयार झालेली. "चार महिने आहेत अजून, बाबा. तुम्ही तर पंधरा दिवसांत परत येताय." तिकडचा व्हिसा उतरल्यावरच मिळत असे, त्यामुळे आधी कुठल्या कचेरीत जाऊन कुणाला विचारायचा प्रश्नच आला नाही. मामांनी आजारी माणसाच्या पाठीला आधार देईल अशी मऊ उशी शिवली आणि बॅग भरली.

विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, तारीख बघितली आणि पुन्हा बघितली. मग आपल्या साहेबांना बोलावलं. साहेब वयस्कर होते, आवाज मऊ होता.

"काका, याची मुदत चार महिन्यांत संपतेय. तुम्ही जाताय त्या देशात उतरायच्या दिवशी निदान सहा महिने शिल्लक लागतात."

"पण अजून चालू आहे ना?"

"चालू आहे. या प्रवासाला चालत नाही."

"भाऊ शेवटच्या घटका मोजतोय हो. मी लिहून देतो, मी तिथे राहणार नाही."

"मी तुम्हाला बसवलं तरी तिथले लोक आल्या पावली परत पाठवतील. भावापर्यंत पोचूच देणार नाहीत." साहेबांनी पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला. "आधी नूतनीकरण करून घ्या. माझ्या हातात असतं तर..."

मामा बॅग ओढत बाहेर आले. मुलगी अजून काचेपाशीच होती. "काय राहिलं, बाबा?" तिने विचारलं. त्यांनी सांगितलं. तिने पासपोर्ट घेऊन तारीख पुन्हा वाचली. "औषध तर शेवटच्या तारखेपर्यंत चालतं," ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दोघं पासपोर्टच्या कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी कागद चाळले. "वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. संपत येईपर्यंत वाट का बघायची?" मग भावजयीने पाठवलेली डॉक्टरांची चिठ्ठी वाचून त्या नरमल्या आणि त्यांनी अर्ज तातडीच्या गठ्ठ्यात ठेवला. पण मधल्या काळात मामांनी घर बदललं होतं. पत्ता वेगळा, म्हणजे आधी पोलीस चौकशी. तिथे घोडं अडलं. चौकशीचा माणूस आला तेव्हा घराला कुलूप होतं. त्यानंतर मामांनी दुकान बंद ठेवलं आणि ते घराच्या दारात खुर्ची टाकून बसले. आजारपणातही कधी बंद न झालेलं दुकान. गल्लीतले लोक येऊन विचारून जात.

भावजय रोज फोन धाकट्याच्या कानाला लावी.

"कुठे पोचलास, दादा?"

"दारात बसलोय. कागद अडलाय."

धाकटा खोकत हसला. "लोकांचं सगळं वेळेवर. स्वतःचंच तेवढं राहिलं."

तो 'नीघ' मामांना परत घ्यायचा होता. रोज जिभेवर येई. पण असलं काही फोनवर बोलायचं नसतं, समोर बसून, हात हातात घेऊन बोलू, असं मनाशी म्हणून ते हवापाण्याचं विचारत. हळूहळू धाकट्याचं बोलणं कमी झालं. मग नुसता श्वास ऐकू येई. एका दुपारी फोनवर भावजयच रडत होती.

नवा पासपोर्ट त्यानंतर आठवड्याने आला. दहा वर्षांचा, कोरा करकरीत. पोस्टमनने हसून हातात ठेवला. मामांनी सही केली.

मामी म्हणाल्या, "तिच्यासाठी तरी जा. एकटी आहे ती."

मामा गेले. तिथल्या अधिकाऱ्याने मान वर न करता शिक्का मारला. भावजयीने त्यांना धाकट्याची खोली दाखवली. पलंग आधीच उचलून नेला होता. मग ती म्हणाली, "शेवटी शेवटी दार वाजलं की डोळे उघडायचे. मला बघवेना, दादा. मी खोटं बोलले. म्हटलं, दादा आलेत, खाली उभे आहेत, लिफ्ट यायचीय. ते दाराकडे बघत राहिले."

"बरं केलंस," मामा म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि खांदे हलू लागले, तशी ती खोलीबाहेर गेली.

परत आले तेव्हा मुलगी न्यायला आली होती. विमानतळावरच्या त्या दिवसापासून ती बापाच्या नजरेला नजर देत नव्हती, पोटभर जेवतही नव्हती. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "काकू काय म्हणाल्या?"

मामांनी बॅग मांडीवर घेतली. "म्हणाली, काका झोपेतच गेला. शेवटचे दिवस शुद्ध नव्हती त्याला. कुणाची वाट बघत नव्हता. मी वेळेवर पोचलो असतो तरी ओळखलं नसतं."

"खरंच?"

"खरंच."

तिला ते पटलं की नाही, मामांना कळलं नाही. ती बाहेर बघत राहिली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने त्यांच्या मांडीवरची बॅग उचलून आपल्याकडे घेतली.